१९०१ च्या आधीचा पाऊस

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मी सिरसाळ्याला घरी होतो. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन काढणीला आलेलं आणि रानात पाणी साचलेलं. माजलगाव धरणातून पाणी सोडलेलं. सिंदफणाकाठच्या गावांच्या बातम्या आणि व्हिडिओ दर तासाला मोबाईलवर येत होते. त्याच दिवसांत आणखी एक बातमी वाचनात आली. केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना त्या वर्षीच्या मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाईलवर पाठवले होते. हे अंदाज मशीन लर्निंगवर, म्हणजे जुन्या नोंदी दाखवून संगणकाला शिकवण्याच्या पद्धतीवर आधारलेले होते. काही ठिकाणी चार आठवडे आधी. मे महिन्यात लवकर आलेला पाऊस मध्येच थबकणार, हेही त्यात होतं.

मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. घरात आम्ही दखनीत बोलतो. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “उस मशीन को अपना सिरसाळा मालूम हय क्या?”

मी हसलो. पण रात्री पत्र्यावरचा पाऊस ऐकताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. यंत्राला सिरसाळा माहीत असेल, तर कुणामुळे? कुणीतरी इथल्या पावसाची, पिकाची, उपासमारीची नोंद केली असेल तरच ना? मग ती नोंद कुणी केली, कोणत्या भाषेत केली, किती वर्षांची आहे आणि त्यात कुणाची नावं आहेत? हे प्रश्न संगणकाचे नाहीत, इतिहासाचे आहेत. त्यांचाच हा थोडा शोध.

फसली साल आणि मलिक अंबर

‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला, हे आता सर्वांना माहीत आहे. ‘फसली’ या शब्दाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या सरकारी कागदांवर इसवी सन क्वचित दिसतो, फसली साल दिसतं. हिजरी वर्ष चंद्राचं असतं, ते सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. इबादतीसाठी ते ठीक आहे. शेतसाऱ्यासाठी मात्र घातक. साऱ्याची तारीख दरवर्षी सरकत गेली तर एक दिवस अशी येते की वसुलीचा माणूस दारात आणि ज्वारी अजून पोटरीत. यावर तोडगा म्हणून अकबराच्या काळात उत्तरेत आणि शाहजहानच्या काळात दख्खनमध्ये हंगामाशी जोडलेलं फसली साल आलं. राज्यकारभारानं निसर्गाचं वेळापत्रक मान्य केल्याची ती खूण होती.

त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरनं याच मुलखात एक पद्धत बसवली. आपल्याकडे तो गनिमी काव्यासाठी आणि खडकीच्या, म्हणजे पुढच्या औरंगाबादच्या, नहरीसाठी ओळखला जातो. त्याची महसूल व्यवस्था तितकीच महत्त्वाची आहे. त्यानं साऱ्याचे मक्ते बंद केले. आधी प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा धान्यात घेतला. अनेक हंगामांचा अनुभव गाठीशी आल्यावर त्या हिश्श्याची रोख रक्कम ठरवली, आणि तीही दरवर्षीची लागवड पाहून.

हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिलं. अनेक हंगामांचं पाहायचं, त्यावरून अंदाज बांधायचा आणि चालू वर्षाची स्थिती पाहून तो दुरुस्त करायचा. आज संगणकाला आपण हेच शिकवतो. फरक हिशेबाच्या वेगाचा आणि आकड्यांच्या ढिगाचा आहे. अंबरनं मोजमाप कशासाठी केलं? सारा मिळावा म्हणून, हे खरंच आहे. पण रयत मोडली तर सारा कुठून येणार, एवढं त्याला कळत होतं.

बीडजवळची खजाना बावडी त्याच्याही आधीची, सोळाव्या शतकातल्या अहमदनगरच्या निजामशाहीची. आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठला तरी तिच्यात पाणी असतं, असं बीडकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ज्यांनी ती बांधली त्यांनी कोरड्या वर्षांचा विचार करून बांधली. धोक्याचा अंदाज कागदावरच असतो असं नाही, तो दगडातही असतो.

सोमवारचे पाच हजार

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातवर जो दुष्काळ पडला, त्याचं वर्णन अब्दुल हमीद लाहोरीनं ‘बादशाहनामा’त फारसीत केलं आहे. ते वाचवत नाही. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याची फौज याच मुलखात, बीड आणि दौलताबादच्या बाजूला, लढत होती. पाऊस गेला होता, त्यात फौजांनी उरलंसुरलं खाल्लं होतं. लाहोरी लिहितो की बादशहानं लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम दिला. वीस सोमवारांत एक लाख. महसुलातही सूट दिली.

दरबारी इतिहासकारानं बादशहाचं औदार्य मोजून ठेवलं. किती माणसं मेली, कोणत्या गावची, कोणत्या कामाची, हे मोजलं नाही. तशी वहीच नव्हती. माझ्या मते आपल्या दुष्काळांच्या इतिहासातली ही पहिली अडचण आहे. मदत मोजली जाते, नुकसान मोजलं जात नाही.

तेराशे नऊ फसली

निजामाच्या राज्यातलं फसली साल इसवी सनात आणायचं तर त्यात ५९० मिळवायचे. १३०९ फसली म्हणजे १८९९-१९००. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे कदाचित सर्वांत काळं वर्ष असेल, पण त्याचं एकही स्मारक नाही.

आकडे पाहा. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती ४ लाख ९२ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी दीड लाखानं घटली. तेव्हाच्या इंग्रजी गॅझेटियरनं कारण एका ओळीत दिलं: १९०० चा दुष्काळ. या दीड लाखांत मेलेले किती आणि गाव सोडून गेलेले किती, याची फोड त्या आकड्यात नाही. चार माणसांच्या घरातलं जवळपास एक माणूस गेलं, एवढंच समजतं.

यातली खरी शोकांतिका अशी की तोवर भारतात हवामान खातं होतं. १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ सुरू व्हायच्या एक वर्ष आधी, १८७५ मध्ये, ते स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि मैदानातला पाऊस यांचं नातं शोधलं. १८८६ पासून हंगामाचे अंदाज नियमित येऊ लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाज आणखी विस्तारले. पण १८९९ च्या अंदाजात येणाऱ्या अवर्षणाची चाहूल नव्हती. तो अंदाज साफ चुकला. खातं कलकत्त्याला बसलेलं होतं आणि माणसं इथे मरत होती.

सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे ते नाव घेतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. मशीन लर्निंगचा भारतीय इतिहास लिहायचा झाला तर सुरुवात या खात्यापासून करावी लागेल.

एलियट यांच्या जागी १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते हवामानतज्ज्ञ नव्हतेच, केंब्रिजचे गणिती होते. मान्सून का येतो याचं उत्तर हाती नसेल, तर तो कशाबरोबर येतो ते शोधू, असा त्यांचा विचार. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतले हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे गोळा केले. कार्यालयातल्या भारतीय कारकुनांची फौज बसवून हातानं हजारो गणितं करून घेतली. कोणत्या दोन आकड्यांची जोडी बरोबरीनं हलते, ते पाहिलं. त्यातूनच प्रशांत महासागराच्या पूर्व आणि पश्चिम टोकांतला दाबाचा झोका सापडला. एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो. १९२० च्या दशकात त्यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ असं नाव दिलं. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी या झोक्याचा आणि पेरूजवळचं समुद्राचं पाणी तापण्याचा, म्हणजे एल निनोचा, सांधा जुळवला. १८९९ हे एल निनोचं वर्ष होतं, हे आपल्याला नंतर समजलं. १९७२, २०१५ आणि २०२३ ही वर्षंही तशीच.

त्या कारकुनांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण जे काम आज संगणक करतो ते त्यांनी पेन्सिलीनं केलं होतं.

पुढे १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानं १६ घटकांवर आधारलेलं मान्सूनचं प्रारूप आलं. हा मराठी माणूस घराघरांत पोहोचला. अनेक वर्षं अंदाज जमले. २००२ मध्ये मात्र सरासरीइतका पाऊस सांगितला गेला आणि देशात सुमारे १९ टक्के कमी पडला. त्याआधी १९९७ मध्ये उलटं घडलं होतं. प्रशांत महासागरात शतकातला एक मोठा एल निनो होता, सगळे धास्तावले होते, आणि भारतात पाऊस व्यवस्थित झाला. हिंद महासागराची स्वतःची चाल असते आणि ती कधी एल निनोला साथ देते, कधी त्याच्या विरोधात जाते, हे डॉ. सुलोचना गाडगीळ यांच्यासारख्या संशोधकांनी नंतर दाखवून दिलं. याच गाडगीळबाईंनी कर्नाटकातल्या पावागडा भागात भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून काम केलं. शेतकरी कोणता निर्णय कधी घेतो हे आधी समजून घ्या आणि मग त्याला काय सांगायचं ते ठरवा, ही त्या कामाची दिशा होती. मला ती फार मोलाची वाटते.

यातून धडा एकच. जुन्या आकड्यांवरून शिकलेलं गणित, जग बदललं की दगा देतं. गणित कच्चं असतं म्हणून असं होत नाही. ज्या काळाकडून ते शिकलं, तो काळ मागे पडलेला असतो.

बाहत्तर

आमच्या घरातला दुष्काळ म्हणजे बाहत्तरचा. दादांकडे जमीन नव्हती. ते दुसऱ्याचं रान बटईनं करायचे आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. बाहत्तर साली त्यांनी आणि दादींनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. दादी शेवटपर्यंत सांगायची की तेव्हा मिळालेली लाल मिलो ज्वारी गळ्याखाली उतरायची नाही आणि सुकडीवर मुलं जगली. कामावर सगळ्या जातींची माणसं एका रांगेत बसून दगड फोडायची. पाऊस लांबला तेव्हा ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का झाली, गावातल्या पोरांनी धोंडी काढली. दोन्हीकडची माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खडीवर.

त्या दुष्काळानं महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. तिचा कायदा पुढे देशाच्या रोजगार हमीचा पाया ठरला. त्यातली मोठी गोष्ट अशी की काम मागायला सात-बारा लागत नव्हता. हात लागत होते. दुष्काळाचा फटका ज्याच्या नावावर काहीच नाही त्यालाही बसतो, हे शासनानं कागदावर मान्य केलं.

दुष्काळ ठरवायची रीत मात्र जुनीच राहिली, आणेवारीची. चांगल्या वर्षीचं पीक सोळा आणे धरायचं आणि यंदाचं त्याच्या किती, हे नजरेनं आणि काही ठिकाणी कापणी करून ठरवायचं. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. नजर, सुधारित आणि अंतिम अशा तीन फेऱ्या. पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं तर सवलती. वर राहिलं तर काही नाही. एकावन्न आणि एकोणपन्नास यांच्यातला फरक कुणाच्या तरी नजरेत असायचा. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट होती. माणूस बांधावर यायचा. त्याच्याशी भांडता यायचं.

नजरेकडून उपग्रहाकडे

गेल्या दहा वर्षांत हे सगळं बदललं. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याच वर्षी केंद्रानं दुष्काळाची नवी संहिता काढली. तिच्यात नजर मागे पडली आणि निर्देशांक पुढे आले: पावसातली तूट, पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा. राज्यात २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांहून अधिक. २०१८ मध्ये नव्या पद्धतीनं १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले.

२०२३ हे या पद्धतीच्या कसोटीचं वर्ष ठरलं. ऑगस्ट कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले. त्यात बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. शेजारचा परळी तालुका नव्हता. पाऊस तालुक्याची हद्द पाहून पडत नाही. राज्यभरातून ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये पावसाच्या आकड्यांवरून आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य झाली. म्हणजे यंत्रानं दाखवलेला नकाशा माणसांनी ओरडून दुरुस्त केला.

पीकविम्याची गोष्ट तर थेट आपल्या जिल्ह्याची आहे. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी एकही विमा कंपनी पुढे येईना. त्यांच्या हिशेबात बीड म्हणजे तोटा. धोक्याचं मोजमाप इतकं चोख झालं की ज्याला धोका सर्वांत जास्त, त्यालाच विमा मिळेना! शेवटी सरकारी कंपनीमार्फत तोडगा निघाला. नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनीनं सोसायची, त्यावरची राज्यानं. आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीनं २० टक्क्यांपर्यंत नफा ठेवून बाकीचे पैसे राज्याला परत करायचे. यालाच ‘बीड पॅटर्न’ म्हणतात. पुढे तो राज्यभर लागू झाला. राजकारण्यांनी त्याचं श्रेय घेतलं. मला त्यात दुसरंच दिसतं. धोका मोजणं आणि धोका वाटून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं यंत्र करील. दुसरं समाजाला करावं लागतं.

२०२३ पासून पिकाचं उत्पादनही अंशतः उपग्रह आणि संगणकाच्या अंदाजावर ठरू लागलं आहे, आधी भात-गहू, मग सोयाबीन. सुरुवातीला त्याला ३० टक्के वजन, उरलेलं प्रत्यक्ष कापणी प्रयोगाला. हे मूलतः वाईट नाही. बोगस नोंदी, कागदावरचे कापणी प्रयोग आणि ओळखीनं ठरणारी पैसेवारी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. यंत्र कुणाचा पाहुणा नसतं. पण ढगांखाली झाकलेलं रान सर्वच उपग्रहांना दिसत नाही, आणि वापसा कधी आला हे शेतात पाय घातल्याशिवाय समजत नाही.

यंत्राची वही किती जुनी?

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. मशीनला सिरसाळा माहीत आहे का?

भारतीय हवामान विभागानं देशाची पावसाची चौकटवार नोंद तयार केली आहे. पाव अंशाची चौकट, म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद. एका चौकटीत परळी तालुक्यातली कितीतरी गावं बसतात. जिथे पर्जन्यमापक नाही तिथला आकडा शेजारच्या केंद्रांवरून काढलेला असतो. या नोंदीची सुरुवात १९०१ पासून होते.

१९०१! म्हणजे ज्या दुष्काळानं जिल्ह्यातली दीड लाख माणसं कमी केली, तो संपल्यावर वही उघडते.

जगातल्या नव्या यंत्रांची वही तर आणखी लहान. गुगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ला १९७९ ते २०१७ या ३९ वर्षांच्या हवामानावर शिकवलं गेलं. त्याचे दहा दिवसांपर्यंतचे अंदाज मोठमोठ्या महासंगणकांच्या तोडीचे आणि पुष्कळ बाबतींत सरस निघाले, तेही काही मिनिटांत. हे यश खरं आहे. पण त्याच्या वहीत बाहत्तर नाही. दादींची मिलो ज्वारी त्याला माहीत नाही.

याचा परिणाम काय होतो? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका यंत्राला शिकवताना जुन्या नोंदींतून मोठी चक्रीवादळं काढून टाकली आणि मग मोठ्या वादळाचा अंदाज विचारला. यंत्रानं ते वादळ दर वेळी प्रत्यक्षापेक्षा कमी ताकदीचं सांगितलं. जे कधी पाहिलं नाही ते त्याला सुचेना. माणसाचंही असंच असतं. फरक एवढाच की माणसाला आजी असते.

आणि हवा आता बदलते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट अधिक चंचल झाले आहेत. बीडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस न येण्याची भीती बाळगून जगला. त्याच्या विहिरी, त्याची ज्वारी, त्याची म्हण, सगळं कोरड्याच्या हिशेबानं. २०२५ च्या सप्टेंबरनं त्याला पाण्याची भीती दाखवली. भविष्य भूतकाळासारखं राहणार नसेल, तर शिकणाऱ्या यंत्राला जास्तीत जास्त लांबचा आणि जास्तीत जास्त विचित्र भूतकाळ दाखवला पाहिजे. ३९ वर्षं पुरणार नाहीत.

बंद दप्तरं

तो लांबचा भूतकाळ कुठे आहे? काही भाग दप्तरांत आहे, आणि ती दप्तरं आपल्या भाषांत आहेत. निजामाच्या राज्याचा कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चालला. गावपातळीवर मोडीतही लिहिलं जाई. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी हीच जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रं तहसीलांतून बाहेर निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या मंडळींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आदरानं कागद वाचायला दिला.

जातीसाठी दप्तरं उघडता येतात, तर पावसासाठी का नाही? जमीन, पीक, सारा, सूट, तगाई यांच्या नोंदी म्हणजे हवामानाच्याच नोंदी. कोणत्या फसलीत सारा माफ झाला, कोणत्या गावची किती रानं पडीक राहिली, हे सापडलं तर त्या वर्षीच्या पावसाचा माग काढता येतो. हे स्वप्नरंजन नाही. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकारानं सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी घरबसल्या पावसाचे ६५ हजार हस्तलिखित तक्ते संगणकावर उतरवून काढले. ५० लाखांहून अधिक नोंदी. त्यामुळे त्या देशाची अधिकृत मासिक पावसाची नोंद १८३६ पर्यंत मागे गेली. ते काम करणारे शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसं होती. आपल्याकडे उर्दू वाचणारी अशी हजारो माणसं आहेत. मदरशात शिकलेली, उर्दू शाळेतून निवृत्त झालेली. ‘ही भाषा आता कशाला हवी’ हे ऐकून ती थकली आहेत. या भाषेत मराठवाड्याचा पाऊस लिहिलेला असेल तर ती सगळ्यांचीच झाली. सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येकाची.

ज्यांचं नाव वहीत नाही

शेवटची गोष्ट घरातली आहे.

काही वर्षांपूर्वी अब्बांनी बटईनं केलेलं सोयाबीन पावसाच्या खंडात गेलं. तेव्हा पंचनामा झाला, मदत मंजूर झाली. पैसे अर्थातच सात-बाऱ्यावर ज्यांचं नाव त्यांच्या खात्यावर गेले. बी, खत आणि मेहनत अब्बांची होती. तोंडी बटईला कागद नसतो, आणि विम्यालाही नोंदणी केलेला करार लागतो. असा करार आमच्या भागात कोण करतो? उपग्रहानं ते रान वाळलेलं पाहिलं असेल, अगदी बरोबर पाहिलं असेल. त्यात राबणारा माणूस त्याला दिसला नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी, शेळ्यांच्या बाजारावर जगणारे, बागवान, शेतमजूर, या सगळ्यांचा धोका पिकाच्या हिरवेपणात मोजता येत नाही. अंबरपासून आजपर्यंत मोजमाप जमिनीचं झालं, कारण सारा जमिनीवर होता. रोजगार हमीनं एकदाच हातांकडे पाहिलं.

त्या वर्षी एक संध्याकाळ मला आठवते. जमिनीचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, घरी आले. चहा झाला. उठताना त्यांनी खिशातून पैसे काढून अब्बांच्या हातावर ठेवले. “निम्मं तुझं हाय, भाई,” एवढंच म्हणाले. अब्बा नको म्हणाले, मग घेतले. ही नोंद कुठल्याही पोर्टलवर नाही. पण सगळ्याच बटईदारांच्या दारात असे काका येत नाहीत. आणि माणसाचा हक्क दुसऱ्याच्या भलेपणावर सोडून चालत नाही.

म्हणून मला यंत्राची भीती वाटत नाही. त्याचा तिरस्कारही नाही. वॉकरच्या कारकुनांपासून आजच्या संगणकापर्यंत माणसानं पावसाला समजून घ्यायची जी धडपड केली, ती मला आदराची वाटते. १८९९ साली चार आठवडे आधी खबर मिळाली असती तर बीडमधली किती माणसं वेळेवर वाट धरून जगली असती! प्रश्न यंत्राच्या हुशारीचा नाही. त्याला शिकवायला आपण कोणती वही देतो, याचा आहे. तिच्यात १९०१ च्या आधीची पानं जोडावी लागतील. गावोगावी पर्जन्यमापक लागतील. आणि रान कसणाऱ्याचं नाव लिहावं लागेल, मग सात-बारा कुणाचाही असो.

ती सप्टेंबरची रात्र सरली तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. अब्बा फजरची नमाज पढून तसेच रानाकडे निघाले. मी म्हणालो, “अब्बा, मशीन को सिरसाळा थोडा थोडा मालूम हय.”

अब्बा चपला घालता घालता म्हणाले, “फिर बाकी का तू लिख दे.”